ताम्रपटाचें छिद्र आणि मृदु धातूंस भोंक पाडण्याचा वेग

ताम्रपटाचें संपादन करतांना विद्वान् संपादक पत्र्यांची लांबीरुंदी देतात, वजन देतात, ओळी मोजतात, मुद्रेवरील आकृतीचें वर्णन करतात. आणि कडी ओवण्याच्या छिद्राविषयीं बहुधा एका वाक्यांत आटोपतें घेतात. छिद्र अमुक बाजूस आहे, व्यास अमुक आहे, इतकेंच. तें कोणत्या हत्यारानें पाडलें, लेख कोरण्यापूर्वीं पाडलें कीं नंतर, त्याचा कांठ कसा आहे, याची वास्तपुस्त क्वचितच झालेली आढळते. आम्हीही अनेक वर्षें तसेंच वाचीत आलों. छिद्र म्हणजे जेथें कांहींच नाहीं ती जागा, तिच्याविषयीं लिहावयाचें तें काय, अशी आमची समजूत होती. ती कशी बदलली व त्यांतून काय निष्पन्न झालें, तें संग्राहकांच्या उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें मांडीत आहों.

गेल्या पावसाळ्यांत एक गृहस्थ हिवरा आश्रम येथें आमच्याकडे आले. विवेकानंद आश्रमामुळें ज्याचें नांव सर्वत्र झालें तें हें मेहकर तालुक्यांतील गांव. येथें आल्यापासून जुन्या कागदांची पुडकीं घेऊन येणारी मंडळी आम्हांस अपरिचित नाहींत. या गृहस्थांपाशीं मात्र कागद नव्हता. त्यांच्या घरच्या देवघरांत पिढ्यान्‌पिढ्या पूजिलेला, मराठी अमदानींतील एकपत्री ताम्रपट होता. तो वाचून घेणें हा त्यांचा एक हेतु. दुसरा हेतु असा कीं, नव्या घराच्या भिंतीस तो टांगावयाचा असल्यामुळें वरच्या कांठाशीं दोन भोंकें कोठें पाडावीं तें आम्हीं खुणेनें दाखवावें. "गुरुजी, तांबें मऊ, पांच मिनिटांचें काम आहे," असें ते म्हणाले.

हे शब्द ऐकून आमच्या हातांतील भिंग खालीं ठेवावें लागलें. कारण सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं हेच शब्द आम्हीं स्वतः उच्चारले होते. ती हकीकत आजवर आम्हीं कोठें छापली नाहीं. ती आतां सांगणें प्राप्त आहे.

आम्ही तेव्हां एका शाळेंत संस्कृत शिकवीत होतों. शाळेच्या प्रदर्शनासाठीं एका वृद्ध गृहस्थांकडून त्यांच्या घरचा ताम्रपट आम्हीं शब्दावर मागून आणला. दोन्ही बाजूंस लेख असलेला, हाताच्या तळव्यापेक्षां थोडा मोठा असा तो पत्रा होता. फळीवर बोटाएवढ्या जाड खुंट्या होत्या. त्यांवर तो अडकवावा म्हणून वरच्या मोकळ्या जागेंत एक भोंक पाडून घ्यावें, असें आम्हींच सुचविलें. शाळेच्या कर्मशाळेंत विजेचें ड्रिल यंत्र होतें व भिंतीवर वेगाचें कोष्टक लाविलें होतें. त्या कोष्टकांत मृदु धातूंस वेग अधिक, हें आम्हीं वाचून दाखविलें. यंत्र चालविणाऱ्यानें पट्टा सर्वांत वेगाच्या पायरीवर चढविला. सुंब्यानें आधीं खूण केली नाहीं. खालीं लांकूड ठेविलें नाहीं. पत्रा शिकंज्यांत न धरतां हातानें धरला. टोंक टेकतांच मोकळ्या जागेवरून घसरून पहिल्या ओळींत आलें, तेथें शिरलें, आणि पार होण्याच्या क्षणीं त्यानें पत्र्यास असा हिसका दिला कीं तो हातांतून सुटून गिरमिटाबरोबर गरगर फिरला. यंत्र बंद करीपर्यंत जें व्हावयाचें तें होऊन गेलें होतें. पुढच्या बाजूस शकाचा शेवटचा अंक गेला. मागच्या बाजूस त्याच जागीं दान दिलेल्या गांवाचें नांव होतें. त्यांतील मधलें अक्षर गेलें. आणि सर्वांत मोठा अपराध असा कीं, आम्हीं तत्पूर्वीं त्या लेखाचा ठसा किंवा नक्कल घेतलेली नव्हती. प्रदर्शनानंतर घेऊं, असा आमचा विचार होता.

मालकांनीं रागाचा एक शब्दही काढला नाहीं. ताम्रपट त्यांनीं उपरण्यांत गुंडाळला आणि ते घरीं गेले.

गेलेल्या अंकाचें काय झालें तें आधीं सांगतों, कारण हा भाग संग्राहकांस नित्य उपयोगी आहे. शकाबरोबर संवत्सराचें नांव शाबूत असेल, तर एकम् स्थानचा अंक गणितानें परत मिळतो. नर्मदेच्या दक्षिणेस चालणाऱ्या गणनेंत शकसंख्येंत १२ मिळवून ६० नें भागावें. बाकी उरेल तितक्यावा संवत्सर, प्रभव हा पहिला धरून. बाकी शून्य राहिली तर साठावा, क्षय. सर्वांस ठाऊक असलेलें उदाहरण घ्यावयाचें तर शिवराज्याभिषेकाचा शक १५९६. त्यांत १२ मिळविले म्हणजे १६०८. ६० नें भागतां बाकी ४८. आणि अठ्ठेचाळिसावा संवत्सर आनंद, हेंच नांव राज्याभिषेकाच्या शकाबरोबर येतें. आतां असें समजा कीं, १५९ इतकेंच वाचतां येतें व पुढील अंक फुटला आहे. उमेदवार दहाच, आणि दहा लागोपाठच्या वर्षांत आनंद संवत्सर एकदांच येऊं शकतो; म्हणून ६ हा अंक निःसंशय ठरतो. आमच्या ताम्रपटांत संवत्सराचें नांव दुसऱ्या ओळीच्या आरंभीं होतें व तें वांचलें होतें. त्यावरून अंक आम्हांस मिळाला व तो मालकांस लिहून कळविला.

गांवाचें अक्षर मात्र कोणत्याही गणितानें येत नाहीं. नांव तीन अक्षरांचें. पहिलें व तिसरें स्पष्ट आहे. आणि त्या टापूंत दोन गांवें त्यांत बसतात. दोहोंपैकीं कोणतें, हें आम्हांस आजतागायत ठरवितां आलेलें नाहीं.

त्या वेळीं आमची चूक नेमकी कोणती झाली, हें समजून घेण्यास आम्हांस पुष्कळ वर्षें लागलीं. यंत्रशास्त्र हा आमचा विषय नव्हे. तथापि जें समजलें तें कठीण नाहीं. कापण्याचा वेग म्हणजे गिरमिटाच्या धारेचें बाहेरचें टोंक एका मिनिटांत धातूवरून किती अंतर तोडतें तें अंतर होय. यंत्राचे फेरे म्हणजे वेग नव्हे. गिरमिट जाड झालें कीं त्याच फेऱ्यांत धार अधिक अंतर चालते. वेग मिनिटास मीटरांत व व्यास मिलिमीटरांत घेतला तर वेगास ३१८ नें गुणून व्यासानें भागावें, म्हणजे मिनिटाचे फेरे निघतात. हायस्पीड पोलादाच्या गिरमिटास मऊ पोलादांत २५ ते ३० मीटर, तांब्यांत ३० ते ६०, पितळेंत ४५ ते ९०, ॲल्युमिनियमांत ६० ते ९० किंवा त्याहून अधिक, असे अंक कोष्टकांत आढळतात. कोष्टकागणिक थोडा फेर असतोच. गिरमिट साध्या कार्बन पोलादाचें असेल तर हे अंक निम्मे धरावे. तांब्यास ४० मीटर वेग योजला तर ४ मिलिमीटरच्या गिरमिटास ३,१८० फेरे लागतात, १२ मिलिमीटरच्या गिरमिटास १,०६० च. आमच्या यंत्राची वरची पायरी सुमारें ३,००० फेऱ्यांची, म्हणजे बारीक गिरमिटास योग्य अशी होती. आम्हीं तिच्यावर १२ मिलिमीटरचें गिरमिट चालविलें. धारेचा वेग ११३ मीटर झाला, तांब्याच्या वरच्या मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट.

दुसरी चूक शब्दाची होती, आणि संस्कृताच्या शिक्षकास ती अधिक लाजिरवाणी. कोष्टकांत 'मृदु धातु' या एका मथळ्याखालीं पितळ, तांबें, ॲल्युमिनियम हीं एकत्र लिहिलेलीं होतीं, आणि आम्हीं मृदु म्हणजे सोपें असा अर्थ केला. वस्तुतः तिघांचे स्वभाव भिन्न आहेत. पितळेचा कीस तुटून भुकटीसारखा पडतो, म्हणून तें वेग सोसतें. पण पिळाच्या गिरमिटाची तिरपी धार त्यांत आपणहून घुसते, आणि पार होतांना ओढ घेते. यास्तव जाणते कारागीर पितळेसाठीं धारेचा पुढचा कांठ किंचित् बोथट, सपाट करून घेतात व तेल न घालतां कोरडेंच काम करतात. ॲल्युमिनियमाचा कीस धारेस चिकटून बसतो. त्यास केरोसीन लावण्याची रीत आहे. तांबें मऊ असून चिवट. त्याचा कीस तुटत नाहीं, लांब निघतो, धारेवर लेप धरतो, आणि मग धार कापण्याऐवजीं फाडूं लागते. म्हणून मऊपणांत तें पितळेस मागें सारीत असलें तरी वेगांत पितळेच्या खालीं बसतें. शिवाय घडलेलें तांबें व तावलेलें तांबें हीं पुनः निराळीं. हातोड्याखालीं तांबें ताठर होतें. लाल तावून पाण्यांत विझविलें तरी मऊच राहतें, पोलादाप्रमाणें कडक होत नाहीं. कित्येक पत्रे चारपांच शतकें घरांत पडून राहिले तरी शेवटच्या ठोक्यांचा ताठरपणा त्यांत राहिलेला असतो.

येथें एक गोष्ट प्रांजळपणें नमूद केली पाहिजे. आमच्या अपघाताचें सारें खापर वेगावर फोडतां येत नाहीं. पातळ पत्रा हातानें धरला, खालीं आधार नाहीं, आणि जाड गिरमिट एकदम घातलें, तर योग्य वेगासही पत्रा फिरतोच. जास्त वेगानें इतकेंच केलें कीं, हात आवरण्यास अवधि ठेविला नाहीं.

धातु कापण्याच्या वेगाचें शास्त्र फार जुनें नाहीं. अमेरिकेंतील फ्रेडरिक टेलर यानें २६ वर्षें प्रयोग करून, सुमारें ८ लक्ष पौंड पोलाद व बीड यांचा कीस पाडून, आपला प्रबंध १९०६ मध्यें तेथील यंत्रशास्त्रज्ञांच्या सभेपुढें मांडला. वेग व हत्याराचें आयुष्य यांचें नातें त्यानें सूत्रांत बसविलें. हायस्पीड पोलादाच्या हत्यारास तें लावलें असतां असें दिसतें कीं, वेग दुप्पट केला तर धारेचें आयुष्य सुमारें अडीचशें पटींनीं घटतें. पण टेलरची सामग्री पोलाद व बीड. तांब्याकडे त्याचें लक्ष नव्हतें. तांब्याच्या मिश्रधातूचा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग त्याहून शंभर वर्षें जुना, आणि तो वेगासाठीं केलेलाच नव्हता. म्यूनिकच्या शस्त्रागारांत तोफा कोरल्या जात असतां रम्फर्ड यानें मुद्दाम बोथट केलेलें टोंक वापरून, मिनिटास अवघे ३२ फेरे देऊन, तोफेच्या भोंवतीं ठेवलेलें पाणी अडीच तासांत उकळून दाखविलें. १७९८ मध्यें प्रसिद्ध झालेला हा निबंध उष्णतेच्या स्वरूपाविषयीं आहे. परंतु भोंक पाडणाऱ्यास त्यांतून एक व्यावहारिक गोष्ट कळते: वेग अगदीं थोडा असला तरी बोथट धार व मोठा दाब मिळून धातु तापवितात. मंद चालविलें म्हणजे धातु सुरक्षित राहिला, असें समजण्याचें कारण नाहीं.

आतां प्राचीनांकडे वळूं. याज्ञवल्क्यस्मृतीच्या राजधर्मांत दानलेख पटावर किंवा ताम्रपट्टावर लिहून स्वमुद्रेनें चिन्हित करावा असें विधान आहे. वंशाचें, दानाचें, काळाचें स्मरण करावें असें आहे. छिद्राविषयीं कांहींच नाहीं. स्मृतिकारास तें सांगण्याची गरज भासली नाहीं हें उघड आहे. ताडपत्रास भोंक पाडून दोरी ओवण्याचा प्रघात होता, आणि लांबट ताम्रपत्रांनीं ताडपत्राचें रूप घेतलें तसें भोंकही घेतलें. कागद आल्यावरही पश्चिम हिंदुस्थानांतील जैन पोथ्यांत पानाच्या मध्यभागीं मोकळी जागा सोडीत, कधीं तेथें टिकली काढीत. भोंक गेलें तरी भोंकाची जागा गेली नाहीं. पोथ्या जमविणाऱ्यांनीं हें पाहिलेलें असेलच.

हत्यारांचीं नांवें मात्र कोशांत आहेत. अमरकोशाच्या शूद्रवर्गांत कारागिरांच्या हत्यारांमध्यें आस्फोटनी व वेधनिका हीं भोंक पाडण्याच्या हत्याराचीं नांवें येतात. चांभाराची आरी ती निराळी, आरा. कौटिल्य उत्तम मोत्याचीं लक्षणें सांगतांना 'देशविद्ध', म्हणजे योग्य जागीं वेधलेलें, हें एक लक्षण देतो. कालिदासानें रघुवंशाच्या आरंभीं हिऱ्यानें वेधलेल्या रत्नांतून दोरा जातो त्याची उपमा घेतली, ती शाळेंत शिकलेल्या प्रत्येकास आठवेल. परंतु फिरत्या हत्याराचें सर्वांत सविस्तर वर्णन शिल्पांत नसून यज्ञकर्मांत आहे. अग्निमंथनाचें चात्र, त्याच्या माथ्यावरील ओविली, टोंकाचा प्रमंथ व भोंवतीं गुंडाळलेलें नेत्र, हे भाग जोडून पाहिले म्हणजे सुताराचा सामताच उभा राहतो. फरक इतकाच कीं, नेत्राचीं दोन टोंकें दोन हातांनीं ओढतात आणि सामत्यास कमान असते.

सामता उलटसुलट फिरतो. म्हणून त्याचें टोंक चपटें, भाल्यासारखें, दोन्ही अंगांनीं घासलेलें असतें. तें दोन्ही दिशांस खरवडतें, पिळाच्या गिरमिटासारखें एका दिशेनें कापीत नाहीं. वेगाची निवड येथेंही आहे, पण ती कोष्टकांत नसून दांड्याच्या जाडीत आहे. दांडा २५ मिलिमीटर जाड व कमानीची ओढ ४० सेंटिमीटर असेल तर एका ओढींत दांडा पांच फेरे घेतो. मिनिटास १२० ओढी धरल्या तर ६०० फेरे. तोच दांडा १२ मिलिमीटरचा केला कीं एका ओढींत दहांहून अधिक फेरे होतात, पण जोर निम्मा होतो. मोत्यें व मणी वेधणाऱ्याचा दांडा बारीक, सुताराचा जाड, तो यामुळें. खंबायतेस अकीकाचे मणी वेधणारे कारागीर टोंकास हिऱ्याच्या कण्या बसवून, वरून पाणी ठिबकवीत, कमानीनेंच काम करतात. तेथें कठीण दगडास घांसून काढावयाचें असतें. तांब्याचें उलट. ६०० फेऱ्यांस ३ मिलिमीटरच्या टोंकाचा वेग मिनिटास सहा मीटरही भरत नाहीं, म्हणजे यंत्राच्या कोष्टकांतील अंकाच्या पांचव्या-सहाव्या हिश्शाहून कमी. यास्तव धातु तापून बिघडण्याची चिंता प्राचीन कारागिरास बहुधा नव्हती. त्याची अडचण दाबाची व जोराची. कडीसाठीं लागणारें बोटाएवढें भोंक सामत्यानें एका दमांत पाडूं गेलें तर टोंक तांब्यांत रुततें, दोरी दांड्यावरून घसरते, आणि कमान रिकामी चालते.

हें आम्ही केवळ तर्कानें लिहीत नाहीं. मेहकरकडील एका वृद्ध तांबटाच्या दुकानीं बसून आम्हीं दोन दिवस हा प्रयोग करवून घेतला. त्यांच्यापाशीं जुना सामता होता, तो त्यांच्या वडिलांचा. तीन मिलिमीटर जाडीचा तांब्याचा एक तुकडा मठारून ताठर केलेला व दुसरा तावून मऊ केलेला, असे दोन घेतले. सामत्यानें बारीक भोंक दोहोंतही पडलें, पण मऊ तुकड्यांत अधिक वेळ लागला. हें पाहून आम्ही चकित झालों. तांबटकाका हंसून म्हणाले, "गुरुजी, तांबं मऊ हाये, पन चिवट हाये. ठोकलं का सरळ होते." माणसाविषयीं त्यांचें हेंच मत असावें, अशी आम्हांस शंका आली. असो. मग त्यांनीं मऊ तुकडा लांकडाच्या ठोकळ्यावर ठेवून सुंब्यावर चार ठोके घातले आणि बोटाएवढें भोंक आमचें पान चघळून होण्यापूर्वींच पाडून दाखविलें. पुढून कांठ आंत दबला, मागून ओठासारखा वर आला. तो ओठ ऐरणीवर उलटा ठेवून त्यांनीं बसविला व आंतून गोल कानस फिरविली. मऊ पत्रा, सुंबा, ठोकून बसविलेला ओठ आणि कानस: ताम्रपटांचीं बहुतेक मोठीं छिद्रें या वाटेनें गेलीं असावीं, असा आमचा तर्क आहे. लेख कोरण्यासाठीं पत्रा मऊ हवाच असतो. तेव्हां छिद्रही त्याच तावावर होणें सोईचें.

या तर्कास छापील ठशांवरून एक पुष्टि मिळते. फ्लीट यांनीं १८८८ मध्यें प्रसिद्ध केलेला वाकाटक द्वितीय प्रवरसेनाचा चम्मक ताम्रपट सात पत्र्यांचा आहे. आमच्या पूर्वेस वाशीम येथें १९३९ मध्यें मिळालेला द्वितीय विंध्यशक्तीचा ताम्रपट चार पत्र्यांचा. तिरुवालंगाडूच्या चोल ताम्रपटांत तर ३१ पत्रे एका कडींत आहेत. इतके पत्रे एका कडींत ओवावयाचे तर सर्वांचें छिद्र एकाच जागीं यावें लागतें, म्हणजे एक पत्रा नमुना धरून बाकीच्यांवर खूण करणें आलें. आणि तें कोऱ्या पत्र्यावर करणें शहाणपणाचें. दक्षिणेकडील ताम्रपटांच्या ठशांत ओळी छिद्रापाशीं येऊन थांबतात व पलीकडून पुढें चालतात, शब्द दुभंगतो पण अक्षर तुटत नाहीं, हें वारंवार दिसतें. असें दिसलें कीं छिद्र आधींचें, लेख नंतरचा. उलट अक्षराच्या अंगावरूनच छिद्र गेलें असेल, तर तें लेखानंतरचें. मग तें त्याच आठवड्यांतील असो कीं आमच्यासारख्या शिक्षकाच्या हातचें असो.

संग्राहकांस येथूनच सावध राहावें लागतें. बनावट ताम्रपट ही नवी गोष्ट नव्हे. फ्लीट यांनीं १९०१ मध्यें बनावट लेखांची यादीच छापली, आणि तींतील कित्येक बनावट लेख स्वतःच शतकानुशतकें जुने आहेत. अशांना छिद्र पाहून ओळखतां येणार नाहीं, कारण बनविणाऱ्याचा सुंबाही जुनाच. पण अलीकडे बाजारांत येणाऱ्या मालाविषयीं छिद्र पुष्कळ बोलतें. पिळाच्या गिरमिटाचें मोर्सचें अमेरिकन पेटंट १८६३ चें. छिद्राच्या भिंतीवर एका दिशेनें चढत गेलेल्या बारीक, समांतर, सारख्या अंतराच्या रेघा दिसल्या व मागच्या कांठास सर्व बाजूंनीं सारखा बारीक कंगोरा दिसला, तर तें छिद्र या यंत्रयुगांतलें. सामत्याच्या रेघा उलटसुलट, एकमेकींस छेदणाऱ्या व विषम असतात. सुंब्याच्या भिंतीस रेघा नसतात. कांठ एकीकडे दबलेला, दुसरीकडे ठोकून बसविलेला असतो. पातळ पत्र्यांतील भोंक नीट गोल न पडतां किंचित् तिकोनी पडतें, त्यावर मात्र भिस्त ठेवूं नये; दोन धारांचें कोणतेंही टोंक, सामत्याचेंही, हा दोष करतें. शेवटीं रंग पाहावा. पत्रा हिरवा-काळा व छिद्राची भिंत लालसर झळझळीत, असें असलें तर भिंत पत्र्याहून तरुण आहे. परंतु लक्षांत ठेवावें कीं, नवें छिद्र म्हणजे नवा ताम्रपट नव्हे. छिद्र फक्त स्वतःचें वय सांगतें. आमच्या हातून बिघडलेला तो पत्रा उद्यां कोणाच्या पाहण्यांत आला, तर यंत्राच्या खुणा पाहून त्यानें त्यास बनावट ठरवूं नये, एवढ्यासाठींही हा लेख लिहिणें आम्हांस अगत्याचें वाटलें.

एका प्रसंगीं भोंक पाडणें शास्त्रास मान्य आहे, तो धातूच्या पृथक्करणाचा. क्ष-किरणांच्या उपकरणानें आतां पत्र्यास धक्का न लावतां धातूंचें प्रमाण कळतें, परंतु तें वरच्या थराचें. गंजलेल्या थरांत व आंतल्या धातूंत फरक असतो. म्हणून प्रयोगशाळेंत कधीं कधीं एक मिलिमीटरचें किंवा त्याहून बारीक गिरमिट कांठाच्या आड जागीं घालून, वरचा गंज टाकून, आंतला थोडासा कीस घेतात. तेथें वेग मुद्दाम थोडा ठेवितात, कारण कीस तापला तर हवेशीं संयोग पावून नमुना बिघडतो. तेलही लावीत नाहींत. एरवीं कोष्टक जो वेग देतें तो या कामीं निरुपयोगी. हें काम तज्ज्ञांचें, आणि मालकाच्या लेखी संमतीनें व आधीं ठसा व छायाचित्र घेऊनच करावयाचें. शंभर वर्षांहून जुना ताम्रपट हा १९७२ च्या कायद्यानें पुरावस्तु ठरतो, हेंही मालकांस सांगावें. मोहरांचे संग्राहक हें अधिक लवकर समजतात. भोंक पाडून गळ्यांत घातलेल्या मोहरेची किंमत किती उतरते, तें त्यांस ठाऊक असतें.

तांब्याचे लेख एकूणच दुर्दैवी. मुद्रा काढून विकल्या जातात, पत्रे मोडींत जातात. प्रभावतीगुप्तेचा पुण्याचा ताम्रपट उजेडांत आला तो एका तांबटाच्या घराण्यांतून. भट्टींत न जातां तो तेथें जपला गेला, हें त्या घराण्याचें मोठेपण. मेहकरास १८८८ मध्यें शार्ङ्गधर बालाजीची मूर्ति जमिनींतून निघाली, तिच्याबरोबर ताम्रपटही होता व तो पुढें परदेशीं गेला, असें तेथें सांगतात. मूर्ति मेहकरांतच आहे.

त्या गृहस्थांस आम्हीं भोंकांची जागा दाखविली नाहीं. आधीं दोन्ही बाजूंचे ठसे घेतले, मग लेख वाचून दिला. मेहकरच्या सुतारानें सागवानाची चौकट केली. पत्रा तींत चारी कांठांस खांचेंत बसतो, खिळा कोठेंच नाहीं, आणि मागची बाजू वाचतां यावी म्हणून पाठीस कांच आहे. चौकटीस टांगण्यासाठीं भोंकें आहेत, तीं सागवानास पाडलेलीं.

ज्या संग्राहकांपाशीं ताम्रपट असतील त्यांनीं छिद्राच्या दोन्ही कांठांचें वर्णन, भिंतीवरील रेघांची दिशा, छिद्राजवळील अक्षरें तुटलीं आहेत कीं वळसा घालून गेलीं आहेत, आणि पत्र्याची छिद्रापाशींची व मध्यावरची जाडी, इतकें टिपून या त्रैमासिकाकडे पाठवावें. सुंब्यानें पाडलेल्या छिद्रापाशीं पत्रा किंचित् जाड किंवा पातळ होतो कीं नाहीं, याविषयीं आमच्याजवळचे दोन तुकडे पुरेसे नाहींत.